जीपला रुंद टायर घालताय? आधी पाटे पाहा!

वाचकहो, बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर घटकाभर उभे राहा. नवी कोरी मोटार गेली तर कोणी मान वळवून पाहत नाही. पण एखादी जुनी जीप, रुंद टायरांवर चार बोटे उंच चढवलेली, आली की चहाच्या गाड्यावरची पोरे हातातला कप तसाच ठेवतात. एके काळी हीच जीप दुधाचे कॅन, खताची पोती आणि लग्नाचे वऱ्हाड वाहत होती. आता ती हौसेची वस्तू झाली आहे. हौसेला मोल नसते हे खरे, पण या हौसेत मागच्या बाकावर घरची माणसे बसलेली असतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्याही दारात एक जुनी एम.एम. ५४० आहे. पुतण्याच्या हट्टापायी तिला ३१ इंची टायर चढवले. आठ दिवस गावात मिरवली आणि मग एका लग्नासाठी चिपळूणकडे निघालो. कुंभार्ली घाट उतरताना पुढचे डावे चाक खड्ड्यात आदळले आणि स्टीअरिंग असे थडथडू लागले की दोन्ही हातांनी आवरेना. पुढची चाके वारे शिरल्यासारखी डावी-उजवी फडफडत होती. ब्रेक दाबला तर गाडी रोजच्यासारखी थांबेना. कशीबशी डोंगराच्या अंगाला लावली. मागच्या ट्रकवाल्याने वेळीच आवरले म्हणून बरे, नाहीतर दुसरी बाजू दरीची! (असा प्रसंग आलाच तर स्टीअरिंगशी झटापट करू नका. ते घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडा आणि हळूहळू वेग उतरवा.)

परत आल्यावर जीप एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी जॅक लावून पुढचे चाक वर उचलले, वर-खाली धरून हलवले, तर ते दातासारखे हलत होते. किंगपिनचे बेअरिंग खाल्लेले, शॅकलचे बुश झिजलेले, टाय रॉडच्या टोकांना ढील. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, जोडा नवा घेतला, पण गुडघं तेच की जुनं! टायर काय करंल?"

सगळी गोम इथेच आहे. मूळची विलीज जीप अमेरिकन लष्करासाठी दुसऱ्या महायुद्धात बनली. आपल्याकडे महिंद्राने १९४७ मध्ये तिची जुळणी सुरू केली. त्या जातीच्या जीपला ६.००-१६ मापाचा टायर असे, म्हणजे सहा इंच रुंद आणि सोळा इंची रिमचा. रिमची रुंदी अवघी साडेचार इंच. हब, बेअरिंग, स्टीअरिंग, ब्रेक सगळे या अरुंद, हलक्या चाकाचा हिशेब धरून केलेले. त्यावर साडेदहा इंच रुंदीचा टायर चढवला की मडगार्डात मावत नाही, म्हणून लोक बाहेर डिश काढलेल्या रिमा घालतात किंवा मधे स्पेसर टाकतात. चाक बाहेर गेले की हबच्या बेअरिंगवर तरफेसारखा जोर येतो. बादली अंगाशी धरा आणि मग हात लांब करून धरा, फरक लगेच कळेल. खड्ड्याचा प्रत्येक दणका मग थेट स्टीअरिंगला पोचतो.

आता थोडा हिशेब. ६.००-१६ टायरची उंची सुमारे ७३० मिलिमीटर. ३१ इंची टायर ७८७ मिलिमीटर भरतो. चाक मोठे, म्हणजे एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. मीटरवर ६० दिसत असताना तुम्ही खरे ६५ च्या आसपास पळत असता. चढाला इंजिन दमते, क्लच लवकर जातो. आणि जड, मोठे चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. जुन्या जीपला ड्रम ब्रेक, तेही बऱ्याच गाड्यांत बूस्टरशिवाय. घाटात ब्रेक का कमी पडला, ते आता तुमच्याही ध्यानात आले असेल.

याउलट २३५/७५ आर १५ हे माप पाहा. टायर २३५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत त्याच्या ७५ टक्के, रिम १५ इंच. उंची येते सुमारे ७३४ मिलिमीटर, म्हणजे मूळच्या टायरएवढीच. मीटर खोटे बोलत नाही, गिअरचा हिशेब बिघडत नाही. रिम मात्र किमान सहा इंच रुंद हवी. रुंद टायर घालायचाच असेल तर ही मर्यादा शहाणपणाची. आणि बदलाल तर स्टेपनीसकट पाचही बदला. फोर व्हील चालवताना एक चाक लहान, एक मोठे असेल तर गिअरबॉक्सचे वाटोळे ठरलेले.

रुंद टायर चिखलात हमखास निघतो, हा समजही तपासून घ्यावा. मऊ वाळूत तो वर तरंगतो हे खरे. पण आपल्या काळ्या रानात पहिल्या पावसानंतर तो माती लपेटून घेतो आणि मडगार्डात कोंबतो. अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला टेकतो. जुनी जीप सहा इंची टायरांवर रान तुडवत होती, ती काही उगाच नाही.

पाट्यांचे तर विचारूच नका. बसलेल्या पाट्यांची कमान वाढवायला काही ठिकाणी पाटा भट्टीत लाल करून ठोकतात. तसे केले की पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि दोन महिन्यांत पाटा पुन्हा बसतो किंवा तुटतो. एक पाटा वाढवला तर गाडी उंच होते, पण बैलगाडीसारखी आदळते. लांब शॅकल हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट उपाय. त्याने पुढच्या ॲक्सलचा कोन बिघडतो, वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि चाके फडफडायला निमित्त मिळते.

मिस्त्रींनी आमच्या जीपचे पाटे सुटे केले, पानापानांतला गंज खरवडला, दोन तडकलेली पाने बदलली, मधे ग्रीस घातले. नवे बुश, नवे यू बोल्ट (जुने ताणलेले बोल्ट परत घालू नयेत), पाट्याच्या लांबीला जुळणारे शॉकअप. किंगपिनची बेअरिंगे, टाय रॉडची टोके आणि ब्रेकचे व्हील सिलेंडर नवे. यू बोल्ट मात्र काही दिवस गाडी चालवल्यावर पुन्हा आवळून घ्यायला सांगितले. गाडी उंच केली असती तर ब्रेकचा रबरी पाइप लांब घालावा लागला असता, नाहीतर खड्ड्यात चाक खाली लोंबले की तो ताणून तुटतो. चाके पूर्ण वळवून टायर पाट्याला किंवा पाइपला घासतो का, हे घरच्या अंगणातच पाहून घ्या.

कायद्याचेही ध्यानात असू द्या. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आपल्या जीपा पंधरा वर्षांच्या पुढच्या, दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायला आरटीओत उभ्या राहणाऱ्या. तेव्हा आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, मग रिमा विकत घ्या. अपघातानंतर विमावाल्याने बदलावर बोट ठेवले तर दाद मागताना नाकी नऊ येतील.

आम्ही शेवटी सहा इंचीवरच परत आलो. पुतण्या पंधरा दिवस बोलत नव्हता. परवा तोच कुंभार्ली उतरून आला आणि म्हणाला, "काका, एका हातानं चालती की वो!" त्या ३१ इंची टायरांचे काय केले विचाराल, तर दोन विकले, दोन गोठ्यामागे पडून आहेत.