उडती चकती आणि वारा



ज्वारी हुरड्यात आली की आमच्या देगलूरच्या शिवारात पोरं गोफण घेऊन मचाणावर चढतात. वारा समोरून असला की उठलेले पाखरू फारसे पुढे न सरकता वर चढते आणि वारा पाठीशी असला की दबून सुसाट निघून जाते, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक असते. सूर्य डोळ्यांवर असला म्हणजे पाखरू दिसेपर्यंत गुंडा हातातच राहतो. एवढे ज्याला कळले, त्याला ट्रॅप नावाची नेमबाजी निम्मी कळली असे समजायला हरकत नाही.

हा खेळ पूर्वी जिवंत कबुतरांवर खेळला जाई. १९०० साली पॅरिसला ऑलिंपिकच्या वेळीसुद्धा खरी कबुतरे मारली गेली. पुढे त्यांची जागा चकतीने घेतली. तिला मातीचे कबुतर म्हणतात खरे, पण आजच्या चकतीत माती नसते. डांबराच्या जातीचा पदार्थ आणि चुनखडीची पूड यांची ती बनते. व्यास ११ सेंटिमीटर, वजन सुमारे १०५ ग्रॅम. नेमबाजापुढे १५ मीटरवर खंदक, आणि त्यात १५ यंत्रे. त्याने हाक दिली की एक यंत्र चकती फेकते. कोणते, ते त्याला आधी कळत नाही. चकती ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने दूर पळते. काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात, म्हणजे तीनशेच्या आसपास. दिसेल असा एक तुकडा उडाला की गुण. सगळा कारभार सेकंदाभराचा!

आता वाऱ्याचे पाहू. शांत हवेत चकती सुमारे ७६ मीटरवर पडावी, अशी यंत्रे लावलेली असतात. पण चकती हलकी, पसरट आणि गरगर फिरणारी. समोरचा वारा तिच्या पोटाखाली शिरून तिला उचलतो, मग छर्रे खालून जातात. पाठीमागचा वारा तिला दाबतो, तेव्हा छर्रे वरून जातात. नेमबाज पाळीपाळीने बार टाकतात. तेव्हा झुळूक एकाच्या पाळीला येते आणि दुसऱ्याच्या पाळीला पडते. रायफलवाल्याला वाऱ्याची निशाणे पाहून थोडे थांबता तरी येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात वारा ओळखणे ही एक विद्याच आहे. ट्रॅपमध्ये मात्र चकती एकदा उडाली की थांबणे नाही.

उजेडाचेही तसेच. आपल्या गोलार्धात अशी मैदाने उत्तरेकडे किंवा ईशान्येकडे तोंड करून आखावीत असा संकेत आहे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. नारिंगी चकती गर्द झाडीवर उठून दिसते, पण मागे ढगाळ आभाळ आणि खाली झाडे असली की तीच चकती रेघ ओलांडताना क्षणभर हरवते. म्हणून नेमबाज रंगीत काचांचे चष्मे जवळ बाळगतात. उन्हाची आणखी एक खोडी आहे. तापलेली चकती मऊ पडते. छर्रा आरपार जातो, भोक पडते, पण तुकडा उडत नाही. नुसती धूळ उडाली तरी गुण नाही. नेम लागला आणि तरी चुकला, असा हा प्रकार!

बिकानेरचे महाराजा करणीसिंह १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये दुसरे आले. त्यांनी पाच ऑलिंपिकमध्ये भाग घेतला. दर वेळी देश निराळा, मैदान निराळे आणि वाराही निराळा.

हे सांगण्याचे कारण आहे. पूर्वी एका एनसीसी शिबिरात आमच्या एका विद्यार्थ्याची रायफलची पाळी दुपारी उशिरा आली. निशाण पश्चिमेला होते. सकाळी, सूर्य पाठीशी असताना, ज्यांनी बार टाकले त्यांचे गुण चांगले आले. याचे फार कमी आले. सर्वांसमक्ष त्याला ‘आंधळा’ म्हटले गेले. मीही तेथे होतो, आणि सूर्य कुठे आहे हे मला सुचले नाही. त्या मुलाने पुन्हा रायफल हातात घेतली नाही.

गुरुजनांना एक करता येईल. जाड पुठ्ठ्याच्या, बशीएवढ्या दहा चकत्या कापाव्यात. वारा सुटला की मोकळ्या मैदानावर मुलांनी त्या फिरवून फेकाव्यात, पाच वाऱ्याकडे आणि पाच वाऱ्याबरोबर. प्रत्येक किती उंच गेली आणि किती पावलांवर पडली ते फळ्यावर मांडावे. मग वारा पडल्यावर, संध्याकाळी, त्याच मुलांनी त्याच चकत्या पुन्हा फेकाव्यात.