मुरवलेली अंडी : चव कोरियाची, काळजी आपली

कैरीचे लोणचे घातले की बरणी फडताळात जाते आणि वर्षभर निर्धास्तपणे वाढता येते. भरपूर मीठ, कैरीचा आंबटपणा आणि वर तेलाचा थर, हे तिन्ही मिळून जंतूंना थारा देत नाहीत. पण हेच गणित अंड्याला लावले तर घात होतो.

हे सांगण्याचे कारण असे की, कोरियन मालिका पाहून तिकडच्या पद्धतीची मुरवलेली अंडी आता आपल्याकडेही होऊ लागली आहेत. गणपतीपुळ्याच्या आसपास पर्यटकांना घरगुती जेवण देणाऱ्या भगिनीही त्याविषयी विचारतात. कोरियात या पदार्थाला ‘मायाक ग्येरान’ म्हणतात. मायाक म्हणजे अमली पदार्थ. त्यात तसे काही नसते. खाणाऱ्याला चटक लागते म्हणून गमतीने दिलेले हे नाव. गरम भातावर ही अंडी खातात, त्यामुळे आपल्या जिभेलाही ती रुचतात.

कृती सोपी आहे. सहा अंडी उकडून, गार पाण्यात टाकून सोलावीत. अर्धी वाटी सोया सॉस, एक वाटी उकळून गार केलेले पाणी, दोन चमचे साखर किंवा मध, बारीक चिरलेला कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि भाजलेले तीळ एकत्र करावेत. झाकणाच्या स्वच्छ काचेच्या भांड्यात अंडी त्यात बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावीत.

आता काळजीचे मुद्दे पाहू.

पहिला मुद्दा उकडण्याचा. कोरियन पद्धतीत अंडे उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटेच ठेवतात, त्यामुळे बलक पातळ राहतो. अंड्यात साल्मोनेला जंतू असल्यास ते अशा कच्च्या बलकात जिवंत राहू शकतात. अंडे गावठी असो वा पोल्ट्रीचे, वास व रंग चांगला असला तरी जंतू नाहीत असे ठरत नाही. म्हणून गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि मधुमेही यांच्यासाठी अंडे दहा-बारा मिनिटे उकडून बलक घट्ट करावा. पाहुण्यांना वाढायचे असेल तर सरसकट तसेच करावे. कोणाची प्रकृती कशी आहे हे आपल्याला ठाऊक नसते. तडकलेली अंडी मुळीच घेऊ नयेत.

दुसरा मुद्दा फ्रिजचा. हा रस लोणच्याइतका खारट वा आंबट नसतो आणि अंड्याच्या आतपर्यंत तो पुरेसा पोचतही नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९९७ साली घरी मुरवलेली अंडी खाऊन एका गृहस्थाला बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा झाली. या विषाने स्नायू लुळे पडतात, श्वासही अडतो. ती अंडी काडीने टोचून, बरणी फ्रिजबाहेर ठेवलेली होती. तेव्हा रस मुरावा म्हणून अंड्यांना टोचे मारू नयेत. तीन दिवसांत ती संपवावीत, बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नयेत. आपल्या उन्हाळ्यात तर एकच तास. उरलेल्या रसात पुन्हा नवी अंडी घालू नयेत.

वीज गेली तर? बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. पावसाळ्यात हा पदार्थ थोडाच करावा आणि वीज बराच वेळ गेल्यास हळहळ न करता टाकून द्यावा.

तिसरा मुद्दा मिठाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात मीठ पाच ग्रॅमहून कमी असावे. पोह्याच्या एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्येच दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते. आपल्या ताटात त्याआधीच लोणचे, पापड आणि सुकी मासळी हजर असते. रक्तदाबाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी हे अंडे टाळलेलेच बरे. इतरांनी अंडे खावे, पण रस भातावर ओतू नये. सोया सॉसमध्ये गहू असतो, हेही गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

अंडी खाल्ल्यावर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत ताप, पोटात कळा, उलट्या वा जुलाब सुरू झाले तर जलसंजीवनी चालू करावी : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. शौचात रक्त, लघवी कमी होणे, मूल मलूल होणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. एकाची दोन दिसणे, बोलताना जीभ जड होणे किंवा गिळता न येणे ही बोट्युलिझमची लक्षणे आहेत. अशा वेळी घरगुती उपायांत एक मिनिटही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात. कोकणातील भात-आमटीच्या जेवणाला ही जोड मोलाची आहे. नवी चव जरूर घ्यावी. फक्त बरणीची जागा फडताळात नव्हे, फ्रिजमध्ये.