दगडू, धोंडू, नकुशी : नावांमागची भीती

हर्णे बंदरातून किनाऱ्याने दक्षिणेला निघालं, की पाळंदे ओलांडून मुरूड लागतं. महर्षी कर्वे याच गावात वाढले. त्यांचं नाव धोंडो. घरात आलेल्या तान्ह्याला कुणी ‘धोंडा’ का म्हणावं, असं आजच्या आईबापांना वाटेल. जुन्या कोकणात तसं कुणालाच वाटलं नसतं.

पाठोपाठ मुलं दगावली, की पुढच्याचं नाव मुद्दाम ओबडधोबड ठेवायचं, ही महाराष्ट्रभरची रीत. सटवीला, दैवाला किंवा कुणाच्या नजरेला हे मूल मोलाचं वाटू नये, एवढाच हेतू. म्हणून दगडू, धोंडू; केरावरून केरू, केरबा. काही ठिकाणी बाळाला खरोखरच उकिरड्यावर ठेवून उचलून आणत आणि उकिर्डा म्हणत. मूठभर कोंड्याला शेजारणीला ‘विकून’ परत घेतलेला तो कोंडिबा, भीक मागून मिळाल्यासारखा तो भिकू, आणि मुलगी भासावी म्हणून नाक टोचलेला तो नथू. चीनच्या खेड्यांतही याच भीतीपोटी ‘कुत्र्यानं उरवलेला’ अशा अर्थाचं नाव ठेवत.

अर्थात प्रत्येक धोंडोमागे हीच कथा असते असं नाही. एकदा रुळलेलं नाव आजोबांकडून नातवाकडेही येई. कर्व्यांचं आयुष्य मात्र नावाला जागलं : 1858 ते 1962, तब्बल 104 वर्षं.

नवसाच्या नावांची तऱ्हा वेगळी. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला बोललेल्या नवसामुळे मालोजी भोसल्यांच्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली गेली, असं परंपरा सांगते. हिंदू घरांत फकिरा हे नावही असंच रुजलं.

‘नकुशी’ला मात्र या मायेच्या भीतीचा आधार नाही. मुलाची वाट पाहताना झालेली, नको असलेली मुलगी ती नकुशी. 2011मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींचं पुन्हा बारसं झालं आणि त्यांना नवी नावं मिळाली.

आता लहान मुलं जगतात, त्यामुळे नावानं त्यांना लपवायची गरज उरली नाही. उलट वर्गात दुसरं कुणी त्या नावाचं नसावं, अशी धडपड असते. ‘-आंश’ जोडून घडवलेल्या नावांना अर्थ मागाहून शोधला जातो. अशा आईबापांनी जुन्या ग्रंथांतली एक सूचना जरूर पाहावी. दापोलीत शिकलेल्या भारतरत्न पां. वा. काणे यांनी ज्या धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, त्यात मुलाच्या नावात सम अक्षरं असावीत, मुलीच्या नावात विषम, असा नियम आहे. मुलीचं नाव उच्चारायला सोपं आणि स्पष्ट अर्थाचं असावं, असं मनुस्मृती सांगते. अक्षरं मोजायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. सोपेपणाची अट मात्र मुलांनाही लावायला हरकत नाही.

बाकी एका बाबतीत निवड उरलेली नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदपत्रांत त्याच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. एके काळी ‘नकुशी’ म्हणून हिणवली गेलेली मुलगी आई झाली, तर तिचं नावही तिथे लिहावंच लागेल.