शंभर रुपये की शेकडा वीस?

समजा तुम्ही निमोण्याहून शिरूरच्या बाजारपेठेत दप्तर आणि सायकल घ्यायला गेला आहात. एका दुकानावर पाटी आहे, 'प्रत्येक वस्तूवर १०० रुपये सूट'. समोरच्या दुकानावर लिहिले आहे, 'शेकडा २० सूट'. छापील किमती दोन्हीकडे सारख्याच. कोणत्या दुकानात शिराल?

दप्तर ३०० रुपयांचे असेल, तर पहिल्या दुकानात ते २०० ला मिळेल, दुसऱ्यात २४० ला. पण ४,००० रुपयांची सायकल पहिल्याकडे ३,९०० ला, तर दुसऱ्याकडे ३,२०० लाच पडेल! मग पारडे फिरते कुठे? ज्या किमतीचे शेकडा २० बरोबर १०० रुपये होतात तिथे, म्हणजे ५०० रुपयांवर. आडव्या अक्षावर किंमत व उभ्या अक्षावर सूट घेऊन आलेख काढून पाहा. एक रेषा सपाट धावेल, दुसरी शून्यातून चढत येईल आणि ५०० पाशी तिला छेदून वर जाईल.

आता याच दोन रेषा विकणाऱ्याच्या बाजूने पाहू. त्याच्या वाट्याला सूट नसते, वजावट असते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कांद्याची पट्टी येत असेल. तीतील हमाली, तोलाई, गाडीभाडे हे पोत्यांवर किंवा वजनावर ठरते. भावाशी त्याचा संबंध नसतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात १० पोती, म्हणजे ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला १ रुपया. ५१२ रुपयांतून ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले. उरले २ रुपये ४९ पैसे, आणि धनादेश आला २ रुपयांचा! वजावट शेकडा साडेनव्व्याण्णव. हाच कांदा १५ रुपयांनी गेला असता, तर ७,६८० रुपयांतून तेवढीच रक्कम गेली असती. म्हणजे शेकडा सातसुद्धा नाही.

मग सगळी वजावट टक्केवारीनेच का घेऊ नये? शेकडा ७ दराने त्या दिवशी ३६ रुपयेच गेले असते. खरे आहे; पण भाव पडला म्हणून हमालाच्या पाठीवरचे पोते हलके होत नाही, की गाडीला डिझेल कमी लागत नाही. प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही.

घरातली एखादी जुनी पट्टी मागून घ्या. तीतील ठरावीक रकमा वेगळ्या काढा, त्यांची बेरीज करा आणि वजनाने भागा. या भावाला कांदा विकला, तर हाती शून्य येईल. सोलापूरच्या त्या पट्टीत हा भाव किलोला साडेनव्व्याण्णव पैसे होता.