आधी कोणाचा खून?

अ‍ॅगामेम्नॉनच्या घराण्याची गोष्ट अथेन्सच्या प्रेक्षकाला नाटक सुरू होण्याआधीच ठाऊक असे. ट्रॉयच्या स्वारीसाठी राजाने स्वतःच्या मुलीचा, इफिजेनियाचा बळी दिला. तो जिंकून परतला तेव्हा राणी क्लायटेम्नेस्ट्राने प्रियकर एजिस्थसच्या साथीने त्याचा काटा काढला. मुलगा ओरेस्टीस परमुलखात वाढला आणि मोठा झाल्यावर परत येऊन त्याने आई व एजिस्थस या दोघांचाही जीव घेतला. हा सांगाडा मोडण्याची सोय नाटककाराला नव्हती. अ‍ॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त परंपरागत कथा मोडू नये असे सांगताना नेमके याच मातृहत्येचे उदाहरण दिले आहे. एस्किलस, सोफोक्लीस आणि युरिपिडीस या तिघांचीही या सूडावरची नाटके सुदैवाने टिकली आहेत. ती शेजारी ठेवून वाचली की कवींना मोकळीक कुठे होती ते दिसते. दोन खून ठरलेले. पण पहिला कोणता, दुसरा कोणता, हे ज्याने त्याने ठरवायचे. माझे म्हणणे असे की सूडाविषयीचा प्रत्येकाचा निवाडा पात्रांच्या भाषणांपेक्षा या क्रमात अधिक स्पष्ट उमटला आहे.

हा प्रश्न होमरने शिताफीने टाळला होता. ‘ओडिसी’त ओरेस्टीस हा आदर्श पुत्र आहे, अथीना टेलेमाकसला त्याचा कित्ता गिरवायला सांगते. एजिस्थसला त्याने मारले हे पुन्हा पुन्हा येते. आईचे मात्र त्याने एजिस्थसबरोबर उत्तरकार्य केले एवढाच उल्लेख. ती मेली कशी, यावर अवाक्षर नाही. एस्किलसने इ. स. पू. ४५८ मध्ये सादर केलेल्या ‘ओरेस्टिया’ या नाट्यत्रयीत ही झाकलेली जागा उघडी केली. तिच्या दुसऱ्या नाटकात एजिस्थसला तो झटपट निकालात काढतो: मोजक्या ओळी बोलून एजिस्थस आत जातो, किंकाळी ऐकू येते, संपले. मग सगळा भार आईवर येतो. ती छाती उघडी करून मुलाला आपल्या दुधाची आठवण देते, ओरेस्टीसचा हात थबकतो, आणि तोवर मुक्याने वावरलेला मित्र पायलाडीस फक्त तीन ओळींत अपोलोच्या आज्ञेची आठवण करून देतो. हा खून शेवटी ठेवल्यामुळेच त्याच्यानंतर काहीतरी येणे भाग पडते. सूडदेवता ओरेस्टीसच्या मागे लागतात आणि तिसरे नाटक अ‍ॅरिओपॅगसच्या न्यायालयात पोचते. मते समसमान पडून तो सुटतो. नाटकाच्या प्रयोगाआधी चारच वर्षांपूर्वी अथेन्सचा राजकारणी एफिआल्टीस याने अ‍ॅरिओपॅगसच्या मंडळाचे राजकीय अधिकार काढून घेतले होते आणि मुख्यतः खुनाचे खटले त्याच्याकडे उरले होते; प्रेक्षकांच्या दृष्टीने ही गोष्ट ताजी होती. जन्म देणारा खरा बाप, आई केवळ बीज सांभाळणारी, हा अपोलोचा युक्तिवाद आज कोणालाही लंगडा वाटेल. निम्मी मते विरुद्ध गेली, यावरून तो नाटकातल्या न्यायाधीशांनाही पुरता पटलेला नव्हता असे मानायला जागा आहे.

मराठी वाचकाला इथे रेणुका आठवणे साहजिक आहे. परशुरामानेही बापाच्या शब्दावरून आईचे डोके उडवले. पण जमदग्नीने वर मागायला सांगताच त्याने आईचा जीव मागितला आणि ती उठून बसली. अपराध त्याच कथेत पुसला गेला. ग्रीक कथेत असा वर कोणी देत नाही, म्हणून एस्किलसला न्यायालय उभारावे लागले.

क्रमाविषयीच्या माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप सरळ उभा राहतो. युरिपिडीसच्या ‘इलेक्ट्रा’तही आधी एजिस्थस आणि मग आई, हाच क्रम आहे, पण निवाडा तर उलटा. मग क्रमाला एवढे महत्त्व का द्यावे? आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे माझा मुद्दा थोडा नेमका करावा लागतो: पहिला खून दुसऱ्याची तयारी कशी करतो, तेही पाहिले पाहिजे. एस्किलसचा एजिस्थस कोणाला हळहळ वाटावी इतका वेळ रंगमंचावर टिकतच नाही. युरिपिडीसचा एजिस्थस वनदेवतांना बळी देत असतो, वाटेवरच्या अनोळखी तरुणांना पाहुणे म्हणून बोलावतो, आणि आतड्यांतले शकुन पाहायला वाकला असताना त्याच पाहुण्याचा वार त्याच्या पाठीत बसतो. आईला तर ओरेस्टीसच्या बहिणीच्या, इलेक्ट्राच्या बाळंतपणाची खोटी बातमी धाडून शेतकऱ्याच्या झोपडीत बोलावले जाते, आणि ती मुलीच्या मदतीला म्हणून येते. पहिल्याच वाराला आतिथ्यभंगाचा डाग लागल्यावर दुसऱ्याला पावित्र्य कुठून येणार? शेवटी देवरूप कॅस्टर ओरेस्टीसला सांगतो की आईला योग्य तीच शिक्षा मिळाली, पण ती देण्याचे तुझे कृत्य योग्य नव्हते. अपोलोच्या आज्ञेलाही तो शहाणपणाची म्हणत नाही.

सर्वांत अवघड ठरतो तो सोफोक्लीस. त्याने क्रमच फिरवला: आई आधी, एजिस्थस नंतर. आत वार होत असताना बाहेर उभी इलेक्ट्रा, अंगात बळ असेल तर आणखी एक घाव घाल, असे भावाला ओरडून सांगते. सूडदेवता कोणाचा पाठलाग करत नाहीत, खटला चालत नाही. म्हणून अनेक अभ्यासकांनी हे नाटक सूडाचे निःशंक समर्थन मानले: मातृहत्या मधेच उरकली आणि प्रेक्षकाला खलनायकाच्या अंताचे समाधान देऊन घरी पाठवले, असा त्यांचा तर्क. उलटा क्रम निव्वळ उत्कंठेसाठी आहे, असेही म्हणता येईल. ओरेस्टीसचे प्रेत समजून एजिस्थस कापड दूर करतो आणि खाली क्लायटेम्नेस्ट्रा निघते, हा प्रसंग नाट्यगृहात जबरदस्त उतरतो यात शंका नाही. पण एवढ्याने भागत नाही. एजिस्थस मरताना आपण पाहत नाही, ऐकतही नाही. त्याला अ‍ॅगामेम्नॉनच्या खुनाच्या जागी हाकलत नेले जाते आणि नाटक तिथेच थांबते. जाता जाता तो विचारतो की पेलॉप्सच्या, म्हणजे अ‍ॅगामेम्नॉनच्याच कुळाची आजची आणि उद्याची दुःखे या घराने पाहिलीच पाहिजेत का. ओरेस्टीस त्याला फक्त त्याच्या मरणाबद्दल उत्तर देतो, उद्याबद्दल नाही. मातृहत्या शेवटी ठेवली असती तर एस्किलसप्रमाणे तिचा निकाल लावावा लागला असता. ती आधी उरकून सोफोक्लीसने ती जबाबदारी टाळली, हे समर्थकांचे म्हणणे मी मान्य करेन. पण मग ज्या खुनावर कोणाचाच आक्षेप नव्हता तोही त्याने पुरा का होऊ दिला नाही, याचा खुलासा त्यांनी द्यायला हवा.