मुचकुंदी मोबाइलवर

पूर्णगडच्या किल्ल्यावरून खाडी रोज दिसते, पण तिच्यात येणारं पाणी निघतं कुठून? आम्ही गटाच्या बैठकीत मोबाइलवर इस्रोचा ‘भुवन’ नकाशा उघडला. खाडीच्या मुखाशी बोट ठेवलं, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि पाण्याच्या रेषेवरून उलटं वर सरकत गेलो. आधी साटवली, पुढे लांजा तालुक्यातली गावं, शेवटी सह्याद्रीतलं माचाळ! कपडे धुतो ती नदी इतक्या लांबून येते, हे बघून सगळ्या जणी गप्पच झाल्या.

नकाशात रेषा सलग दिसते. नदी तशी सलग असतेच असं नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात. वाटेत बंधाऱ्याच्या फळ्या तशाच राहिल्या, तर ते तिथेच अडतात आणि जाळ्यात जातात. पुढच्या वर्षी मासा कमी. झाडांखालचा व्हाळ, त्यावरचा लहान बंधारा उपग्रहाला दिसत नाही. आपल्याला ठाऊक असतो. म्हणून आम्ही नकाशा वहीत उतरवून घेतला आणि माहितीतल्या प्रत्येक बंधाऱ्यावर लाल फुली मारली. ती वही घेऊन मे महिन्यात ग्रामपंचायतीत जायचं, फळ्या कधी काढणार ते विचारायला.