वाढत्या हाडांवरचा भार

बारा वर्षांच्या मुलाच्या हाडात एक जागा अशी असते, जी तिशीतल्या माणसाच्या हाडात उरलेली नसते. हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा पातळ थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी वाढते ती इथे. मुलींमध्ये साधारण १३ ते १५ आणि मुलांमध्ये १५ ते १७ या वयात हा थर टणक हाडात बदलतो आणि उंची वाढायची थांबते. तोवर सांध्याच्या आसपासची ही सर्वांत कच्ची जागा. सांधा बांधून ठेवणारे अस्थिबंधसुद्धा तिच्यापेक्षा चिवट असतात. त्यामुळे ज्या झटक्याने मोठ्या माणसाचा घोटा मुरगळतो, त्याच झटक्याने मुलाच्या हाडाचे टोक ग्रोथ प्लेटपाशी सरकू शकते.

टोरोंटोचे शल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ मध्ये या दुखापतींचे पाच प्रकार पाडले. ती वर्गवारी आजही जगभर वापरली जाते. पहिल्या प्रकारात एक्स-रे बऱ्याचदा निर्दोष दिसतो. पाचव्या प्रकारात थर चिरडला जातो आणि ते लक्षात येते तेव्हा पाय आखूड किंवा हात वाकडा होऊ लागलेला असतो. घरी किंवा मैदानावर एवढे पाहता येते, की बोटाने दाबल्यावर नेमके हाडच दुखते का आणि मूल त्या पायावर चार पावले टाकू शकते का. हाड दुखत असेल किंवा पाऊल टाकता येत नसेल, तर तो भाग आहे तसा स्थिर बांधून डॉक्टरांकडे न्यावे. तेल लावून चोळणे, बोटे ओढून ‘बसवणे’, हाडवैद्याकडून झटका देऊन घेणे हे प्रकार मोठ्यांच्या बाबतीतही धोक्याचे आहेत. वाढत्या हाडाच्या बाबतीत ते अक्षम्य आहेत.

वाढीचा वेग सर्वांत जास्त असतो तो काळ मुलींमध्ये बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. या काळात हाडे झपाट्याने लांबतात. त्यांच्यात खनिजे भरण्याचे काम मागे राहते आणि स्नायूही काही महिने अपुरे पडतात. ताणलेला स्नायू हाडाला जिथे चिकटलेला असतो तिथे ओढ बसते. गुडघ्याखाली नडगीच्या वरच्या टोकावर दुखरा उंचवटा येतो. अमेरिकेत रॉबर्ट ऑसगुड आणि झुरिचमध्ये कार्ल श्लाटर यांनी १९०३ मध्ये स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. टाचेत होणाऱ्या अशाच त्रासाचे वर्णन बॉस्टनचे जेम्स सीव्हर यांनी १९१२ मध्ये केले. दोन्ही त्रास वाढ पूर्ण झाली की बहुधा आपोआप थांबतात. तोवर उड्या आणि धावणे कमी करावे, पोटरी व मांडीच्या स्नायूंना ताण देण्याचे व्यायाम करावेत, टाचेखाली मऊ गादी असलेले बूट घालावेत. ‘वाढीचे दुखणे आहे, खेळून जाईल’ हा सल्ला मात्र उलटा पडतो, कारण हे दुखणे खेळण्यानेच वाढते.

एकदाच पडून-आपटून होणारी इजा सर्वांना दिसते. त्याच जागी रोज थोडा थोडा भार पडून होणारी इजा दिसत नाही आणि तरुण खेळाडूचे अधिक नुकसान तीच करते. क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज हे तिचे ठळक उदाहरण.

चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या पाचपटीहून अधिक बल पायातून वर येते. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. हा सगळा भार कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या मागच्या अरुंद दुव्यावर येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या डाव्या बाजूला आणि डावखुऱ्याच्या उजव्या बाजूला तिथे आधी सूज येते, मग केसाएवढी चीर पडते. हा दुवा विशीतही पूर्ण पक्का झालेला नसतो, तर तेरा-चौदाव्या वर्षी तो किती कच्चा असेल याची कल्पना करता येते. खांदे एका दिशेला आणि नितंब दुसऱ्या दिशेला ठेवून टाकण्याच्या मिश्र शैलीत पीळ वाढतो, म्हणून अशी शैली लहानपणीच बदलावी असे प्रशिक्षणशास्त्र सांगते. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरने गाठले. पुढे पाठीच्याच दुखण्याने त्याचा २०२२ चा टी-२० विश्वचषक हुकला आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. हाताशी फिजिओ, स्कॅन आणि पूर्णवेळ देखरेख असलेल्या खेळाडूची ही कथा आहे.

मुलांमध्ये लक्षणे साधी असतात. कमरेच्या एकाच बाजूला दुखते, गोलंदाजी करताना वाढते, विश्रांतीत थांबते. एका पायावर उभे राहून मागे वाकायला सांगितले की त्या बाजूला कळ येते. सुरुवातीच्या टप्प्यात एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडातली सूज दिसते आणि तेव्हाच थांबले तर चीर टळू शकते. चीर पडली की तीन ते सहा महिने गोलंदाजी बंद. ती भरण्याआधी पुन्हा सुरुवात केली, तर दुवा कायमचा तुटलेला राहू शकतो.

यावरचा उपाय औषधात नाही, मोजणीत आहे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाजांसाठी वयानुसार मर्यादा आखल्या आहेत. तेराव्या वर्षापर्यंतच्या गटाला सलग ५ आणि दिवसाला १० षटके. १४ व १५ वर्षांखालील गटांना सलग ६ आणि दिवसाला १२. १६ व १७ वर्षांखालील गटांना सलग ७ आणि दिवसाला १८. सात दिवसांत चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस गोलंदाजी करू नये, असेही त्यात आहे. सरावातल्या नेटमधले चेंडूही हिशेबात धरायचे असतात.

आपल्याकडे हाच हिशेब हरवतो. चांगला गोलंदाज सकाळी अकादमीत, दुपारी शाळेच्या संघात आणि रविवारी क्लबकडून टाकतो. तीन प्रशिक्षकांपैकी प्रत्येकाला तो आपलाच वाटतो. मुंबईच्या शालेय क्रिकेटने फलंदाजीचे विक्रम मोठ्या प्रेमाने जपले आहेत. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची १९८८ मधली हॅरिस शील्डमधली ६६४ धावांची भागी, कल्याणमध्ये जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडेने केलेल्या नाबाद १००९ धावा हे आकडे शाळकरी पोरेही सांगतात. त्या धावा ज्यांच्या गोलंदाजीवर झाल्या ती मुलेही शाळकरीच होती, आणि त्यांनी त्या आठवड्यात एकूण किती चेंडू टाकले हा आकडा कुणी विचारत नाही.

मोजणीचा नियम इतर खेळांनाही लागू आहे. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेची शिफारस अशी, की आठवड्यातून एक-दोन दिवस संघटित खेळापासून सुट्टी असावी आणि वर्षातून दोन-तीन महिने एखाद्या ठरावीक खेळापासून दूर राहावे. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, हा ढोबळ नियमही क्रीडावैद्यकात रुळला आहे. सुट्टी म्हणजे घरी बसणे असा अर्थ मुळीच नाही. पोहणे, लंगडी, सायकल, गल्लीतला फुटबॉल चालतो; वेगळ्या हालचालींनी वेगळे स्नायू तयार होतात. सातव्या वर्षापासून एकच खेळ वर्षभर खेळवणाऱ्या अकादमीच्या जाहिरातींना पालक भुलतात, पण लवकर सुरुवात म्हणजे मोठे यश हे समीकरण बहुतेक खेळांत टिकत नाही. मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक यांत लवकर सुरुवात अपरिहार्य असते. तिथे मनगटाच्या ग्रोथ प्लेटवर शरीराचे वजन पडत राहते, म्हणून मनगट दुखले की हातांवरचे प्रकार थांबवून पायांचे व लवचिकतेचे प्रकार घ्यावेत.

कबड्डी आणि खो-खो या मराठी मुलखाच्या खेळांत गुडघा आधी जातो. चढाईपटूचा पाय मॅटवर घट्ट रोवलेला असतो आणि पकड करणारे त्याचे धड फिरवतात. गुडघ्यातला पुढचा क्रॉस अस्थिबंध, म्हणजे एसीएल, तेव्हा तुटतो. मातीवर पाय घसरतो आणि ताण थोडा सुटतो. मॅटवर बूट पकड सोडत नाहीत. मातीवर शिकलेल्या मुलांना थेट मॅटच्या स्पर्धेत उतरवणे म्हणूनच जोखमीचे. खो-खोत बसलेल्या जागेवरून एकदम झेपावणे आणि खांबाला धरून वळणे यांत हाच गुडघा पिळतो. एसीएलच्या बऱ्याच इजा कुणाचा धक्का न लागता होतात. उडीवरून उतरताना गुडघे आतल्या बाजूला कोसळतात किंवा दिशा बदलताना पाय ताठ राहतो, एवढे पुरते. किशोरवयीन मुलींमध्ये हा धोका मुलांच्या दुपटीहून अधिक असतो. ग्रोथ प्लेट उघडी असताना शस्त्रक्रिया नाजूक होते, कारण नवा अस्थिबंध बसवण्यासाठी हाडात पाडायची भोके त्या थराजवळून जातात. नंतर मैदानावर परतायला किमान नऊ महिने, कित्येकदा वर्ष लागते.

प्रतिबंधाचा भक्कम पुरावा मात्र याच क्षेत्रात मिळाला आहे. फिफाने फुटबॉलसाठी बनवलेला ‘११+’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर तपासला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या आणि अतिवापराच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. हलके धावणे, पोटाचे व मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम, एका पायावर तोल, गुडघा वाकवून हळू उतरणे एवढेच त्यात आहे. साहित्य लागत नाही, शिस्त लागते. मैदानाला दोन फेऱ्या आणि हात फिरवणे याला वॉर्म-अप म्हणण्याची सवय मोडायला हवी.

कबड्डीच्या किशोर व कुमार गटांत आणि कुस्तीत वजनाची मर्यादा असते. वजन बसवण्यासाठी मुले उपाशी राहतात, पाणी तोडतात, उन्हात स्वेटर घालून धावतात. हा प्रकार प्रशिक्षकांच्या डोळ्यांदेखत, कधी त्यांच्याच सांगण्यावरून चालतो. कमी खाऊन जास्त खेळणाऱ्या मुलींची पाळी लांबते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होतात. पाळी तीन महिने चुकली, तर तो सरावाचा परिणाम समजून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

डोक्याच्या दुखापतीला एकच नियम आहे. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, तेच तेच विचारू लागले, डोके दुखते किंवा मळमळते म्हणाले, तर त्या दिवशी त्याने पुन्हा खेळायचे नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. बहुतेक कन्कशनमध्ये, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्यात, ती हरपत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये हा नियम कायद्यात आणला. झॅकरी लिस्टेड हा तेरा वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागल्यावर त्याच सामन्यात पुन्हा उतरला होता आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती. कायदा त्याच्या नावाने ओळखला जातो. पहिले एक-दोन दिवस आराम, मग हलकी हालचाल, आधी शाळा आणि मग खेळ असा परतीचा क्रम आहे. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, झटके यांपैकी काही दिसले तर थेट रुग्णालय. क्रिकेटमध्ये चामड्याच्या चेंडूसमोर मुलाने हेल्मेटशिवाय उभे राहू नये. यष्टींजवळ उभ्या यष्टिरक्षकालाही हेच लागू.

मे महिन्यातल्या शिबिरांत ऊन हा स्वतंत्र धोका आहे. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात सराव छोटा आणि सकाळी लवकर घ्यावा. खेळताना मूल असंबद्ध बोलू लागले किंवा कोसळले, तर १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून न राहता अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे, शक्य असेल तर टाकीत बसवावे.

पुढची दुखापत कुणाला होईल याचा सर्वांत भरवशाचा अंदाज मागच्या दुखापतीवरून येतो. अर्धवट बरा झालेला खेळाडू पुन्हा जायबंदी होतो. सूज उतरली म्हणजे काम झाले असे नाही. दुखावलेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या जवळपास यावी, न लंगडता धावता आणि उडी मारता यावे, मगच सामना.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की शालेय स्पर्धांचा हंगाम भरात येतो. त्याआधी पालकांनी अकादमीत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: मुलाच्या चेंडूंची किंवा सरावाच्या तासांची नोंद कोण ठेवते, वॉर्म-अप कोण आणि किती वेळ घेते, आणि मैदानावर प्रथमोपचार येणारा माणूस हजर असतो का. तिन्हींची उत्तरे नीट मिळाली नाहीत, तर फी भरण्याआधी दुसरे मैदान पाहावे.